जिंकूनही खालच्याच गटात

मुलीने फोन करून सांगितलं की तिला एका रग्बी लीग क्लबमध्ये फिजिओथेरपिस्टचं काम मिळालंय, तेव्हा मी सबाह अल-सालेमच्या क्लिनिकमध्ये ड्रेसिंगची ट्रॉली लावत होते. मी विचारलं, "रग्बी म्हणजे ते हेल्मेट घालून एकमेकांच्या अंगावर धावतात तेच ना?"

"नो मम्मा, ते अमेरिकन. इथे हेल्मेट नसतं."

"मग डोक्याला काय असतं?"

"काही नाही," असं म्हणून ती हसली. मला हसू आलं नाही.

मी नर्स आहे, लातूरकडची. कुवेतला येऊन सव्वीस वर्षं झाली. मिस्टर सावंतवाडीकडचे, हॉस्पिटलमधली यंत्रं दुरुस्त करतात. मुलगी इथेच जन्मली, इथल्याच भारतीय शाळेत शिकली आणि मग इंग्लंडला फिजिओथेरपी शिकायला गेली. आम्ही तिच्याशी मराठीत बोलतो, ती इंग्रजीत उत्तर देते, मध्येच दोन शब्द मराठी टाकते. शिक्षण झाल्यावर तिला तिथे राहून काम करायला दोन वर्षांचा व्हिसा मिळाला होता. तो डिसेंबरात संपणार होता.

तिचा क्लब इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका छोट्या गावातला होता. एके काळी तिथे सूतगिरण्या होत्या, आता नाहीत. क्लब मात्र शंभरेक वर्षं जुना. व्यावसायिक म्हणायचा, पण दुसऱ्या गटातला, त्यामुळे खेळाडूंना खेळाचा पगार पुरत नसे. एक जण प्लंबर, एक शाळेत शिकवणारा, कप्तान लॉरी चालवायचा. संध्याकाळी सराव, रविवारी मॅच. माझ्या मुलीलाही तिथे आठवड्याचे तीनच दिवस काम होतं. क्लबच्या अध्यक्षांनी तिला सांगून ठेवलं होतं, की यंदा आपण वरच्या गटात गेलो तर सगळे पूर्णवेळ होतील, तुलाही पूर्णवेळ घेऊ आणि व्हिसाची जबाबदारी क्लब उचलेल. नाही गेलो तर आम्हाला ते जमणार नाही.

म्हणजे माझी मुलगी त्या देशात राहणार की नाही, हे मी कधी न पाहिलेल्या तेरा दांडग्या पुरुषांवर अवलंबून होतं.

तिला परत बोलवायचं तर कुठे, हाही प्रश्न होता. कुवेतमध्ये तिचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, ती बाहेर राहिल्यामुळे केव्हाच रद्द झाला होता. जन्मली इथे, पण आता यायचं तर पाहुणी म्हणून. भारत तिने फक्त शाळेच्या सुट्टीत पाहिलेला. मी रात्रंदिवस याच हिशेबात असायचे, आणि बोलायची सोय नव्हती. मी विषय काढला की मिस्टर म्हणायचे, "अगो, अजून मार्च चाललाय. डिसेंबरची काळजी आतापासून कशाला?"

रविवारी आमच्याकडे कामाचा दिवस. ड्युटीवरून अबू हलीफाला घरी येईपर्यंत चार वाजायचे, आणि पाच वाजता मॅच सुरू व्हायची. मिस्टरांनी लॅपटॉप टीव्हीला जोडून दिला होता. खेळ त्यांना पटकन कळला. "कबड्डीसारखंच बघ," ते मला सांगायचे, "सहा पकडी होईपर्यंत चेंडू आपला, मग त्यांचा." मला चेंडूशी देणंघेणं नव्हतं. मी मैदानाच्या कडेला बघायचे. पिवळं जाकीट घातलेली, पाठीला बॅग, इतरांच्या खांद्यापर्यंत पोचणारी ती माझी मुलगी. कुणी पडला की ती खेळ चालू असतानाच आत धावायची, आणि ती बाहेर येईपर्यंत मी श्वास धरून बसायचे.

आमच्या वरच्या मजल्यावर गुहागरकडचा एक सुतार राहायचा, आणखी पाच जणांबरोबर. अम्गराला फर्निचरच्या वर्कशॉपमध्ये काम करायचा. आमच्या स्वयंपाकघराचं दार बसवायला तो एका रविवारी आला आणि मॅच बघत उभाच राहिला. पुढच्या रविवारी तो स्वतःहून आला, येताना खालच्या बकाल्यातून, म्हणजे किराणा दुकानातून, शेंगदाणे घेऊन. "ताई, आपली पोरगी दिसली का?" असं विचारून खाली बसला. तेव्हापासून तो दर रविवारी येऊ लागला.

क्लब त्या वर्षी जिंकतच होता. जूनमध्ये ते यादीत पहिले आले तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली आणि मुलीला फोन केला. "पहिले आलात म्हणजे वर जाणार ना?"

ती म्हणाली, "मम्मा, इट्स नॉट लाइक दॅट एनी मोअर."

त्या दिवशी मला पहिल्यांदा तो नियम कळला. पूर्वी सोपं होतं. वरच्या गटात शेवटचा येणारा खाली आणि खालच्या गटात जिंकणारा वर. आता प्रत्येक क्लबला दर वर्षी गुण देतात, आणि नुसत्या खेळाचे नाहीत. मैदानावर बसायला जागा किती, दिवे कसे, प्रेक्षक किती येतात, क्लबची आर्थिक बाजू कशी, इंटरनेटवर किती लोक त्यांना बघतात, हे सगळं मोजतात. ज्यांचे गुण जास्त ते वरच्या गटात. एक प्रकारचं लायसन्सच. शेवटचा आलेला क्लबसुद्धा गुण असतील तर वरच राहणार, आणि जिंकलेल्याचे गुण कमी पडले तर तो खालीच.

"मग तू मला आधी का नाही सांगितलंस?"

"कारण तू अशी घाबरतेस," ती मराठीत म्हणाली.

मिस्टर भडकले. "हा काय न्याय झाला? जिंकला तो वर गेला पाहिजे. खुर्च्या मोजून कुणी मोठं होतं का?" मला मात्र राग येईना. सव्वीस वर्षं मी या देशात कागदांवर राहिलेय. नर्सिंगचं लायसन्स, इकामा, त्यांच्या तारखा मला पोरीच्या वाढदिवसासारख्या पाठ आहेत. काम चांगलं करणं वेगळं आणि कागद पुरा असणं वेगळं, हे मला कुणी शिकवायला नको होतं. मला राग नव्हता आला, भीती वाटली होती. आणि भीतीपायी मी एक मूर्खपणा केला.

इंटरनेटवरचे लोकही मोजतात, एवढं वाक्य मी पकडलं. दुसऱ्या दिवशी क्लिनिकमधल्या सगळ्या नर्सना क्लबचं पान दाखवलं. मल्याळी, फिलिपिनो, आपल्या मराठी, सगळ्यांनी फॉलो केलं. संध्याकाळी सुताराला सांगितलं. तो म्हणाला, "ताई, त्यात काय, बघा आता." त्याने वर्कशॉपमध्ये सांगितलं, त्यांनी कामगारांच्या ग्रुपवर टाकलं, तिथून ते कुठे कुठे गेलं कुणास ठाऊक. आठवडाभरात त्या गिरणीच्या गावातल्या क्लबच्या फोटोंखाली "जय महाराष्ट्र" आणि "एक नंबर भावा" दिसायला लागलं. मला फार बरं वाटलं. पोरीसाठी काहीतरी केलं असं वाटलं.

शुक्रवारी तिचा फोन आला. आवाज बारीक होता. "मम्मा, कुवेतमधून एवढे लोक कुठून आले?"

मी सांगितलं.

"ओ गॉड. मम्मा! मीटिंगमध्ये सगळे विचारतायत. त्यांना वाटतंय क्लबमधल्या कुणीतरी फॉलोअर्स विकत घेतले. दुसऱ्या क्लबने तक्रार केली तर आमचे पॉइंट्स कापतील. कळतंय का तुला?"

मी माफी मागायला लागले. ती म्हणाली, "मी आत्ताच जाऊन सांगते की माझ्या आईने केलंय," आणि फोन ठेवला.

मी तशीच वर सुताराकडे गेले. तो आंघोळ करून बनियनवर बसला होता. मी म्हटलं, "भाऊ, ते सगळं काढून टाकायला सांगा. मुलीवर आलंय."

"ताई, आता कसं काढू?" तो गोंधळून म्हणाला. "कामगारांच्या कॅम्पवर लोक खरंच बघायला लागलेत. आमचा एक वेल्डर आहे, त्याला त्या कप्तानाचं नाव, उंची, सगळं पाठ आहे. त्याला काय सांगू, बघू नको म्हणून?"

पुढचे आठ दिवस मी कशी होते ते मला नीट आठवतही नाही. एकदा इंजेक्शन भरून बाजूला ठेवलं आणि कुणासाठी भरलं तेच विसरले. टाकून देऊन नवीन भरलं. शेवटी मुलीचा मेसेज आला. क्लबनेच गुण देणाऱ्यांना पत्र लिहून खरं ते कळवलं होतं आणि ते कुवेतचे लोक मोजणीतून वगळले होते. शिक्षा काही नाही. खाली तिने लिहिलं होतं, 'प्लीज डोन्ट हेल्प.' ते वाचून मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

सप्टेंबर संपता संपता फायनल आली. शनिवार होता. सुतार आणि तो वेल्डर, दोघे आले होते. मी जेवण करून ठेवलं होतं पण कुणी ताटाला हात लावला नाही. शेवटची वीस मिनिटं उरली तेव्हा आमचा क्लब दोन गुणांनी पुढे होता. तेवढ्यात कप्तानाने एकाला पकडलं आणि समोरच्याचा गुडघा त्याच्या कानशिलावर बसला. तो आडवा झाला. मुलगी धावली. तो उठला, हाताने तिला जा म्हणून खूण केली, आणि दोन पावलं टाकताना त्याचा पाय किंचित वाकडा पडला.

ते वाकडं पाऊल मी पाहिलं. तिनेही पाहिलं. तिने त्याच्या दंडाला धरलं आणि बाहेर चल म्हणून बाकाकडे खूण केली. कोच हात वर करून ओरडत होता. प्रेक्षकांतून हुर्यो ऐकू येत होती.

"अगो, राहू दे की त्याला!" मिस्टर टीव्हीकडे बघून ओरडले. "पंधरा-वीस मिनिटांचा प्रश्न आहे! तोच गेला तर हे हरतील!"

"नाही," मी म्हटलं. "काढलाच पाहिजे."

"तिचा व्हिसा..."

"काढलाच पाहिजे!" मी इतक्या जोरात बोलले की वेल्डर उभाच राहिला.

पोरीने त्याला सोडलं नाही. तिच्या दुप्पट माणूस तिच्या खांद्यावर हात टाकून बाहेर आला, आणि क्लबच्या डॉक्टरने त्याला परत आत सोडलं नाही. ती वीस मिनिटं मी स्क्रीनकडे पाहिलंच नाही. गॅलरीत जाऊन खालच्या गाड्या मोजत उभी राहिले. आतून सुताराचा आरडाओरडा ऐकू आला तेव्हा कळलं की जिंकले. दोनच गुणांनी.

नंतर फोनवर तिने सांगितलं की कोच शेवटची शिट्टी होईपर्यंत तिच्याशी बोलला नव्हता. कप्तानाची बायको मात्र खाली येऊन तिला मिठी मारून रडली होती. "मी चुकले असते तर, मम्मा?" तिने विचारलं. मी म्हटलं, "तू चुकली नाहीस." त्या रात्री बऱ्याच महिन्यांनी मला झोप लागली.

गुणांची यादी ऑक्टोबरात लागली. मी औषधांच्या कपाटापाशी होते. तिचा फोन आला आणि पहिल्याच श्वासावरून मला कळलं.

"वी डिडन्ट गेट इट."

अगदी थोडक्यात गेलं होतं. बसायच्या जागा कमी, दिवे जुने. वर्षभर जवळजवळ सगळ्या मॅचेस हरून वरच्या गटात तळाला राहिलेला क्लब तिथेच राहिला, कारण त्यांचं मैदान नवं होतं. मी घाबरत विचारलं, "माझ्यामुळे तर नाही ना?" ती म्हणाली, "नाही गं." तिने "गं" म्हटलं म्हणजे तिला माझी कीव आली होती.

संध्याकाळी सुताराला सांगितलं. तो म्हणाला, "ताई, मग फायनल खेळवली कशाला?" मिस्टरांनी टीव्हीची वायर काढून गुंडाळून ठेवली.

व्हिसाचे सात आठवडे उरले. मुलीने अर्ज पाठवायला सुरुवात केली. कुठे अनुभव कमी, कुठे व्हिसाची जबाबदारी घ्यायला तयार नाहीत. आणि एक दिवस त्या तळाच्या क्लबचा फोन आला, तोच हरून वर राहिलेला. त्यांच्या डॉक्टरने फायनल पाहिली होती. कप्तानाला बाहेर काढणारी मुलगी आपल्याला हवी, असं तो म्हणाला होता. पूर्णवेळ काम, व्हिसाही देणार होते.

मी फोनवरच देवाचे आभार मानले. ती म्हणाली, "मी हो म्हटलेलं नाही."

"म्हणजे?"

"ती आमची जागा आहे, मम्मा. आमच्या पोरांची. आय कान्ट वॉक इन देअर."

मी तिला समजावलं, मग रागावले. म्हटलं, तो क्लब वर राहिला म्हणूनच तुला द्यायला त्यांच्याकडे काम आहे. तो खाली गेला असता तर तिथल्याही कितीतरी माणसांना घरी बसावं लागलं असतं. तो नियम तुला वाईट वाटतो, पण उद्याची खात्री त्यातूनच मिळते. ती म्हणाली, "तुला फक्त व्हिसा दिसतो." मी म्हटलं, "हो, दिसतो. मी नाही बघायचा तर कोणी बघायचा?"

तिने फोन ठेवला आणि तीन दिवस केला नाही. मिस्टर मला म्हणाले, "तिला ठरवू दे. तिच्या वयात तू कुणाचं ऐकून कुवेतला आलीस का?" ते खरं होतं, म्हणून मला जास्त त्रास झाला. मी त्या तीन दिवसांत फोन उशाशी घेऊन झोपत होते. ड्युटीवर पेशंटचा हात धरला की त्याचे ठोके सोडून माझेच ऐकू यायचे.

चौथ्या दिवशी तिचा फोन आला. ती कप्तानाच्या घरी चहाला गेली होती. त्याला अजून उजेडाचा त्रास होत होता, पडदे ओढून बसला होता. तिने त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला होता, आम्हाला वर जाऊ दिलं नाही ते तिथल्या पोरांनी नाही. त्यांनाही घोटे आहेत, गुडघे आहेत. जा. मी काय, बरा झालो की लॉरी आहेच.

"मी हो सांगितलं," ती म्हणाली. मग जरा थांबून, "तू म्हणालीस म्हणून नाही."

"बरं," मी म्हटलं.

कागद हातात आले तेव्हा जुना व्हिसा संपायला नऊ दिवस उरले होते.

हंगाम सुरू व्हायच्या आधी ती आठ दिवसांसाठी पाहुणी म्हणून कुवेतला आली. एअरपोर्टवर आमच्यासारख्या इकामावाल्यांच्या रांगेत तिला उभं राहता आलं नाही, तिची रांग वेगळी. संध्याकाळी आम्ही दोघी अबू हलीफाला समुद्राकाठी चालायला गेलो. तिने नव्या क्लबबद्दल सांगितलं. तिथला एक खेळाडू, दोन लेकरांचा बाप, पूर्वी दुसऱ्या क्लबमध्ये होता, जुन्या नियमाच्या काळात. ते खाली गेले त्या आठवड्यात निम्म्या लोकांना कामावरून काढून टाकलं होतं. त्याची बायको तेव्हा गरोदर होती. "त्याला विचारलं तर तो म्हणेल नवा नियम चांगला," ती म्हणाली. "कप्तानाला विचारलं तर... आय डोन्ट नो, मम्मा. दोघंही खोटं बोलत नाहीत."

मला तिला एक गोष्ट इतके दिवस सांगायची राहिली होती. मी म्हटलं, "तुझ्या नव्या क्लबचा फोन आला ना, तेव्हा ते खाली गेले नाहीत म्हणून मला आनंद झाला होता. तुमचे उतरलेले चेहरे मी विसरलेच."

"मलापण झाला होता," ती म्हणाली. "एक सेकंद. मग मी दोन दिवस कुणाशी बोलले नाही."

मग ती माझ्या पायाकडे बघून थांबली. दिवसभर उभं राहून माझा घोटा सुजतो. तिने मला कठड्यावर बसवलं, सपाता काढल्या, आणि येणाऱ्याजाणाऱ्यांची पर्वा न करता अंगठ्याने माझी पोटरी दाबू लागली. "इथे दुखतं?" "नाही." "इथे?" "हो." तिचे हात आता पहिल्यापेक्षा घट्ट झाले होते.

जुना क्लब तिकडे खुर्च्या बसवतोय. नवा क्लब अजून हरतोच आहे. सुतार रविवारी येतो आणि विचारतो, "ताई, आता आपण कुणाच्या बाजूचे?" मिस्टर म्हणतात जुन्याच. मी दोन्हींच्या मॅचेस बघते. परवा मुलगी म्हणत होती की नियम पुन्हा बदलायची चर्चा चालू आहे, कदाचित शेवटचा क्लब खाली पाठवतील. मी विचारलं, "कधीपासून?" ती म्हणाली, "मम्मा, नुसती चर्चा आहे." मी बरं म्हटलं, आणि फोन ठेवल्यावर तिचा नवा व्हिसा कोणत्या महिन्यात संपतो ते पुन्हा एकदा काढून बघितलं.